तिसरा काटा

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एका मोटरसायकलचं चित्र चिकटवलेलं होतं. शर्ट काढायला दार उघडलं की आधी गाडी दिसायची आणि मग शर्ट. चित्राखाली बारीक अक्षरांत गाडीची सगळी माहिती छापलेली होती: इंजिन केवढं, टाकीत पेट्रोल किती मावतं, सीटची उंची किती. काटेवाल्यांनी त्यातल्या एकाच आकड्याभोवती लाल पेननं गोल काढला होता. तो आकडा वजनाचा. लोक गाडी घेताना वेग बघतात, रंग बघतात, लिटरला किती पळते ते विचारतात. हे गृहस्थ वजन बघत. त्यांच्या बायकोला त्यात काही विशेष वाटत नसे. ज्या माणसाचा जन्म लोकांचे काटे दुरुस्त करण्यात गेला, तो दुसरं काय बघणार?

विशेष वाटायला लागलं ते नंतर. चित्र अधूनमधून बदलायचं, आणि प्रत्येक वेळी नवी गाडी आधीच्या गाडीपेक्षा हलकी असायची.

काटेवाले हे नाव बाजारानं दिलेलं, पण ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोही शेजारणींशी बोलताना ‘आमचे काटेवाले’ असंच म्हणायची. धान्याची दुकानं, भंगाराची वखार, पार्सलचं ऑफिस, सळयांचं गोदाम, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे त्यांची फेरी असायची. मोटरसायकलच्या मागे लोखंडी चौकट, चौकटीत लाकडी पेटी, पेटीत काटे तपासायची मापाची वजनं. सगळ्यात मोठं वीस किलोचं, बिडाचं, वर धरायला कडी. दुकानात शिरल्यावर काटेवाले काट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आधी ते वीस किलोचं वजन डाव्या हातानं उचलायचे, दोनदा खालीवर करायचे, मान हलवायचे आणि मग काट्यावर ठेवायचे. आधी हात, मग काटा, असा त्यांचा खाक्या. काट्याची स्प्रिंग सैल पडते, काट्यात धूळ जाते. हाताला काय होणार?

हा हात घरात तर फारच मिरवला जायचा. पाहुणे आले की त्यांची बॅग उचलून वजन सांगायचं, बाजारातून कलिंगड आणलं की तेही. मुलगी झाली तेव्हाचा किस्सा तर ऐकणाऱ्यांनाच पाठ झाला होता. नर्सनं बाळ हातात दिलं, काटेवाल्यांनी ते अलगद तोललं आणि ग्रॅमसकट वजन सांगितलं. नर्सनं कार्ड बघितलं आणि तोंडात बोट घातलं. खरी गोष्ट अशी की पाळण्याला अडकवलेलं ते कार्ड काटेवाल्यांनी आधीच हळूच वाचून ठेवलं होतं, आणि बायकोनं खाटेवर पडल्या पडल्या ते बघितलं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. नवऱ्याची एवढीशी फुशारकी पोटात ठेवायला तिला काहीच त्रास झाला नाही. किस्सा सुरू झाला की ती चहा ठेवायला आत जायची आणि एकटीच हसायची.

बाजारात त्यांचा आणखी एक नियम चालायचा. दुकानदार म्हणाला तुमचं वजन खोटं आणि काटेवाले म्हणाले तुमचा काटा खोटा, तर तोंडाची वाफ दवडायची नाही. शेजारच्या दुकानातून तिसरा काटा आणायचा. तिसरा काटा कुणाच्या बापाचा नसतो, असं ते म्हणत. या नियमानं बाजारातली किती भांडणं जागच्या जागी मिटली होती.

आता त्या जुन्या मोटरसायकलविषयी. मुलगी लहानपणापासून तिला म्हैस म्हणायची. काळी, रुंद, अंगानं थोराड आणि स्वभावानं हट्टी. लग्नानंतर दोघं तिच्यावरूनच फिरायला निघाली होती. जिथे रस्ता संपतो आणि खडकावर दीपगृह उभं आहे, तिथवर जायचं ठरलं होतं. घाटाच्या मध्यावर बायकोला उलट्या सुरू झाल्या. तिनं वळणांवर खापर फोडलं, त्यांनी पेट्रोलच्या वासावर. खरं कारण पुढे पाळण्यात आलं. दीपगृह राहिलं ते राहिलंच. मुलीची शाळा, सासूबाईंचं अंथरूण, बाजाराची रोजची फेरी, यात म्हैस वजनं वाहत राहिली. मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, तेव्हा काटेवाल्यांनी कपाटात पहिलं चित्र लावलं. लांबच्या प्रवासाची गाडी. फार मोठी नको, अगदी किरकोळही नको, मधली. पण हलकी. आता आपण दोघंच तर आहोत, ते म्हणाले, हलकी गाडी घेऊ आणि दीपगृह बघून येऊ. या वयात कुठं, असं बायको म्हणाली खरी, पण त्या दिवशी मशीनवर बसल्यावर तिनं एक बाही उलटी शिवली.

ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन होतं आणि खिडकीतून फाटक दिसायचं. म्हणून म्हैस दुसऱ्यांदा पडली ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

पहिल्यांदा ती पडली होती पेट्रोल पंपावर. काटेवाले कोपर सोलून घरी आले. पंपावर तेल सांडलं होतं, म्हणाले, पाय घसरला. पटण्यासारखं होतं. दुसऱ्या वेळी मात्र आपल्याच फाटकात, कोरड्या फरशीवर, उभ्या उभ्या गाडी डावीकडे कलली. काटेवाल्यांनी तिला सावरायला हात घातला आणि तो हात मधेच सुटल्यासारखा झाला. गाडी आडवी. पेटीतली वजनं फरशीवर घरंगळत गेली. बायको धावत बाहेर आली तर ते गाडीकडे न बघता स्टँडकडे बघत होते. स्टँड वाकलाय, ते म्हणाले.

मेकॅनिकनं स्टँड तपासला. सरळ होता. तरी काटेवाल्यांनी नवा बसवून घेतला. मग क्लचची केबल कडक झाली. ती बदलली. मग क्लचचा दांडाच जुना झाला, मग हँडलचं रबर निसरडं झालं, मग पुढच्या चाकातली हवा. गाडीचा एकेक भाग आळीपाळीनं गुन्हेगार ठरत गेला. शेवटी सगळ्यांना एकदमच शिक्षा झाली: मुळात गाडीच जड आहे, असा निकाल लागला. कपाटातलं चित्र बदललं. नवी गाडी वीसेक किलोनं हलकी होती.

बायको घाबरली ती मात्र गाडीमुळे नाही. ती घाबरली शर्टामुळे. काटेवाले सकाळी आरशासमोर उभे राहून बटणं लावायचे आणि त्यांना उशीर व्हायला लागला. भोकं बारीक शिवलीस, अशी त्यांनी तक्रार केली. तिची भोकं कधी बारीक झाली नव्हती. गावभर तिच्या काजांचं नाव होतं. ती हो म्हणाली आणि रात्रीच्या जेवणाआधी बसून सगळ्या शर्टांची काजं मोठी केली. काही महिन्यांनी तीही बारीक झाली. मग तिनं बटणं काढून टिचबटणं लावली आणि हल्ली हीच फॅशन आहे म्हणून सांगितलं. ते खूश झाले. एका दुपारी ते बनियनवर झोपले होते, तेव्हा तिनं बघितलं की त्यांच्या डाव्या दंडाची कातडी आपोआप फडफडतेय. आतून काहीतरी बारीक बारीक उडत होतं. माणूस गाढ झोपलेला, आणि दंड जागा. ती तशीच बघत उभी राहिली. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कुठे ती हलली.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली गादी बसली होती, तिथे खळगा पडला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत होते. फाटकातून आत येताना त्यांची डावी चप्पल फरशीला घासत होती. एक पाऊल वाजायचं, एक ओढल्यासारखं यायचं. आवाजावरून ते आलेले कळायचे हे आधीही होतं, पण आधी तिला तो आवाज आवडायचा.

तिनं मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, बाबांना आधी डॉक्टरकडे ने, उद्याच्या उद्या. बाबांनी ते उडवून लावलं. दोनशे किलोचं धूड रोज आवरायचं, वर पेटीतलं लोखंड; हात म्हणजे काय क्रेन आहे? हलकी गाडी आली की महिनाभरात हात ठिकाणावर येईल. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की तिला ते खरं वाटावंसं वाटलं. माणसाला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून गाडीची इच्छा त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त झाली. त्यांच्या खांद्यावरून ती चित्रं बघायची आणि विचारायची, ही किती किलोची? यापेक्षा हलकी नाही का? काटेवाल्यांना वाटलं, बायकोला अखेर गाड्यांची गोडी लागली.

अशात एका सकाळी केर काढताना तिला त्यांच्या टेबलाखाली करडे, चकचकीत कण सापडले. उचलून बघितले तर मऊ होते, नखानं दबत होते. शिसं. मापाच्या वजनाला बुडाशी एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन बनवताना त्यात भर घालून किंवा त्यातलं काढून ते बरोबर करतात आणि शिश्यावर शिक्का मारतात. एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. त्या शिश्याला कुणी हात लावत नाही, हेही माहीत होतं. तिनं विचारलं तेव्हा काटेवाले म्हणाले की वीस किलोचं वजन वाढलंय.

“लोखंडाचं वजन वाढतं?” ती हसून म्हणाली. “काय खातं ते?”

गंज, ते गंभीरपणे म्हणाले. गंज, वर्षानुवर्षांचा रंग, धूळ. हाताला कळतं. तिकडं वजनमापांच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचं तर पंधरवडा जातो, म्हणून शिक्क्याला धक्का न लावता कडेकडेनं थोडं खरवडलंय. त्यांनी वजन उचलून दाखवलं. उचलताना खांदा आधी वर गेला आणि मग हात. अजून जडच आहे, ते पुटपुटले, आणि पुन्हा खरवडणी हातात घेतली. ती केर घेऊन बाहेर गेली. ते कण तिनं केराच्या डब्यात टाकले. मुठीत घेतले तर मूठ भरली असती.

मग जे व्हायचं तेच झालं. काही दिवसांनी धान्यवाला टेम्पोतून आपला काटाच घेऊन दारात आला. काटेवाल्यांनी नुकताच तो आपल्या वीसच्या वजनावर जुळवून दुरुस्त करून दिला होता. धान्यवाला तसा भला माणूस, पण रागानं लाल झाला होता. गिऱ्हाईक त्याला तोंडावर चोर म्हणालं होतं. घरी नेलेला माल प्रत्येकाला कमी भरत होता. वहिनी, तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं हो, तो म्हणाला. काटेवाल्यांनी पेटीतून वीसचं वजन काढून त्याच्या काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. बघा, ते म्हणाले. धान्यवाला म्हणाला, मग तुमचं वजनच खोटं.

नियम दोघांनाही ठाऊक होता.

तिसरा काटा बायकोनंच आणला, कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून, काखेत मारून. वजन त्यावर ठेवलं. काटा विसाच्या अलीकडेच थांबला. धान्यवाल्यानं वजन आडवं केलं. बुडाचं शिसं कडेनं ताज्या जखमेसारखं चकाकत होतं. त्यानं ते हळूच सरळ करून ठेवलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. भांडायला आलेल्या माणसाचा राग असा अचानक गेला की घरच्यांना धीर येत नाही, धडकी भरते.

शिसं सैल होऊन पडलं असणार, काटेवाले म्हणाले. असेल, धान्यवाला म्हणाला. असेल, बायको म्हणाली. जाताना धान्यवाल्यानं तिला फाटकाशी थांबवलं आणि हलक्या आवाजात विचारलं की काटेवाल्यांची तब्येत बरी आहे ना. ती बरी आहे म्हणाली. सवयीनं म्हणाली.

त्या संध्याकाळी काटेवाले टेबलाशी बसून होते. पुढ्यात ते वजन. त्यांनी त्याला हात लावला नाही. ती भाजी निवडत होती आणि वाट बघत होती. आता हा माणूस ते बोलेल असं तिला वाटत होतं. हलकं वजन मला जड का लागलं, एवढं एक वाक्य. ते आलं नाही. आलं ते वेगळंच.

“गाडी घेऊ,” ते म्हणाले. “या आठवड्यातच. आता थांबायचं नाही.”

आधी डॉक्टर, ती म्हणाली. आधी दीपगृह, ते म्हणाले. तिथून आलो की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे, म्हणशील तितके दिवस. त्यांच्या आवाजात घाई होती. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं असलेल्या माणसाची असते तशी. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीपायीच ती हो म्हणाली.

शोरूममध्ये ती गाडी मधोमध उभी होती. सडपातळ, निळसर, लांबच्या रस्त्याला पुरेल एवढं इंजिन आणि सामान बांधायला मागे छोटा कॅरिअर. कपाटातल्या शेवटच्या चित्रातली हुबेहूब तीच. तिथल्या उंच मेकॅनिकनं सगळं समजावून सांगितलं. मग काका, बसून बघा, म्हणाला. काटेवाले चढले. चढायला जरा वेळ लागला; नवी गाडी, नवी उंची. त्यांनी हँडल धरलं आणि गाडी स्टँडवरून सरळ उभी केली. चेहरा असा उजळला की तिला घाट आठवला, उलट्या सुरू होण्याच्या आधीचा.

“अगं बघ,” ते म्हणाले. “काहीच नाही हिच्यात. हातालाच कळत नाही.”

ती मागे उभी होती. मेकॅनिकही मागेच उभा होता, आणि त्याचा पंजा कॅरिअरच्या खाली होता. मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. गाडी त्यानं धरली होती. सगळीच्या सगळी. तिची आणि त्याची नजरानजर झाली, आणि त्यानंच आधी मान खाली घातली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. हे तिला त्याच क्षणी कळलं होतं आणि नंतर रोज कळत राहिलं. पण काटेवाल्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, ग्रॅमसकट वजन सांगितल्यावर बघितलं होतं तसं. ती म्हणाली, “हो, हलकी दिसतेय.” कागदांवर सह्या झाल्या. निघताना मेकॅनिक तिच्या जवळ येऊन म्हणाला, काकू, गाडी मी घरी आणून देतो, काकांनी कशाला त्रास घ्यायचा. काटेवाल्यांना वाटलं, काय सेवा आहे या लोकांची.

गाडी आली, अंगणात स्टँडवर लागली. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत ते तिला नुसतं पुसत होते, बसले मात्र नाहीत. नव्या गाडीवर पहिल्यांदा बसायचं ते प्रवासालाच, म्हणाले. बायकोनं दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या पातळ कॅनव्हासच्या शिवल्या होत्या, अस्तर न लावता, वजन नको म्हणून. सामानही मोजकंच. कपड्यांचा एकेक जोड, पाण्याची बाटली, तिची शाल. मुलीचा फोन आला. बाबा गाडी चालवणार आहेत? तिनं विचारलं. आई, तू काही बोलत का नाहीस? बोलेन, ती म्हणाली.

सकाळी हवा स्वच्छ होती. काटेवाले नवं जाकीट घालून अंगणात गेले. त्याची चेन तिनं लावून दिली होती. ती खिडकी बंद करत होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना म्हणून तिनं बाहेर बघितलं. ते गाडीवर बसले होते आणि गाडी डावीकडे कललेलीच होती. त्यांनी अंग उजवीकडे टाकलं, हँडल ओढलं, पाय रेटला. गाडी जराशी हलली आणि पुन्हा स्टँडवर येऊन बसली. ते उतरले. खाली वाकून स्टँडची स्प्रिंग बघितली. चाकाची हवा दाबून बघितली. मग त्यांनी डाव्या बाजूची पिशवी उतरवली आणि बाजूला घेऊन पुन्हा हँडलला हात घातला. गाडी हलली नाही. उजवी पिशवी उतरवली. मग कॅरिअरवरची शाल. शाल फरशीवर ठेवली आणि ते पुन्हा गाडीला भिडले.

ती दारात येऊन उभी राहिली. काटेवाले आत गेले, नळी आणि डबा घेऊन आले आणि टाकीतलं पेट्रोल काढायला लागले. पेट्रोल बारीक धारेनं डब्यात पडत होतं. ते उकिडवे बसून ती धार बघत होते, आणि ती त्यांची पाठ बघत होती. वजनातलं शिसं खरवडताना ते असेच बसले असतील. आता गाडीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. टाकी रिकामी, पिशव्या खाली, आरसेसुद्धा त्यांनी काढून पायरीवर ठेवले होते. ते उभे राहिले आणि शेवटचं एकदा हँडलला भिडले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. डावा हात दांड्यावरून घसरला आणि नुसताच लोंबला.

मग ते वळले. तिला वाटलं, आता चिडतील, कंपनीला शिव्या देतील, सदोष गाडी गळ्यात मारली म्हणतील. ते तिच्याकडे शांतपणे बघत होते. बाजारात, दोन्ही बाजू अडून बसल्या की ते असेच शांत होत.

“इकडे ये,” ते म्हणाले. “तू धर.”

“मी? मला कुठं येतं, अहो.”

“यायचं काय त्यात? दोन्ही हातांनी धर आणि सरळ उभी कर. बास.”

ती पायऱ्या उतरली. त्यांना काय हवंय ते तिला लख्ख कळलं होतं. आणि काय करायचं तेही तिनं चालता चालता ठरवलं. गाडी हलवायचीच नाही. दात ओठ खायचे, कण्हायचं, जोर लावल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, बाई गं, केवढी जड आहे ही! एक खोटं. पाळण्यावरच्या कार्डापेक्षा ते काही फार मोठं नव्हतं. मग दोघं मिळून शोरूमला शिव्या देतील, आणि उद्याचं उद्या. तिनं पदर खोचला. थंड हँडल दोन्ही मुठींत धरलं. काटेवाले तिच्या हातांकडे बघत होते, पापणी न हलवता, काटा स्थिर होईपर्यंत बघायचे तसं. तिनं दात ओठावर रोवले आणि जोर लावल्याचं सोंग म्हणून हात जरासे पुढे रेटले.

गाडी उभी राहिली.

तिला कळायच्या आत उभी राहिली. नुसती उभी राहिली नाही, तर पलीकडे जायला लागली. तिनं घाईघाईनं आपल्याकडे ओढून धरली नसती तर पलीकडे पडलीच असती. इतकी हलकी होती ती. कपाटातल्या चित्रात लिहिलं होतं तेवढीच, लाल गोलातल्या आकड्यापेक्षा एका ग्रॅमचाही फरक नसलेली. ती तशीच धरून उभी राहिली. आता हिला खाली कशी ठेवायची ते तिला ठाऊक नव्हतं.

काटेवाल्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा, काम झाल्यावर हलवायचे तशी. मग उजव्या हातानं आपला डावा हात उचलून पोटाशी धरला.

“वजन बरोबर आहे,” ते म्हणाले.